खालची चार बोटं जागा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
विश्रामबाग, सांगली

आले एकदाची. साताऱ्याहून निघताना दोन बॅगा होत्या. त्यातली मोठी कंडक्टरने पुढच्या सीटखाली ढकलली आणि आष्ट्यापर्यंत एका आजोबांनी तिच्यावर पाय ठेवून झोप काढली. उसाच्या ट्रॉल्यांमागे एसटी इतकी रखडली की सांगली येईपर्यंत माझे केस पिकतात की काय असं वाटलं. पण खोली पाहिली आणि जीव थंडावला.

खोली वरच्या मजल्यावर आहे. बाहेरून जिना, पूर्वेला खिडकी, खिडकीखाली टेबल. खिडकीच्या बरोबर खाली घराचा व्हरांडा. घरमालक पायगोंडा अण्णा पूर्वी हळदीचा व्यापार करायचे, आता पायाने अधू आहेत आणि दिवसभर पेपर वाचतात. खरा कारभार त्यांच्या बायकोचा, आक्काताईंचा. त्यांनी मला आधी पाणी दिलं आणि मग नियम दिले. कांदा, लसूण, बटाटा घरात शिजवायचा नाही. भाईर खाऊन आलासा तर आमी वास घ्यायला येत न्हाई बघा, असंही वर सांगितलं. जैनांचं घर, त्यामुळे जेवण सूर्य मावळायच्या आत. आज पहिला दिवस म्हणून साडेपाचला त्यांच्याच पंगतीला बसले. भाकरी, मुगाची उसळ आणि घट्ट दही. इतक्या लवकर जेवायची सवय नाही, पण दोन भाकरी कधी संपल्या कळलं नाही.

ही वही प्रीतीताईंमुळे. प्रीतीताई म्हणजे साताऱ्यातल्या माझ्या समुपदेशक. रोज एक पान लिहायचं, मनात येईल ते. शुद्धलेखन बघायचं नाही, खाडाखोड करायची नाही. ही वही कोणी तपासणार नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

कारण थोडक्यात लिहून टाकते. मी साताऱ्यात मुलींच्या वसतिगृहात रेक्टर होते. गेल्या वर्षी आमच्याकडची अकरावीतली एक मुलगी गेली. तेव्हापासून माझी झोप उडाली, शेवटी नोकरी सोडली. प्रीतीताई म्हणाल्या, प्रांजल, यात तुमचा काहीही दोष नाही. मी त्यांना जेवढं सांगितलं होतं, तेवढ्यावरून तरी नाहीच.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कामाचा पहिला दिवस. डॉ. भरतेश यांचा दातांचा दवाखाना घरापासून चालत दहा मिनिटांवर. माझं काम पेशंटना वेळा देणं, नावं लिहून घेणं आणि ज्यांना भीती वाटते त्यांच्याशी गोड बोलणं. डॉक्टर स्वतः फार कमी बोलतात. दिवसभर लोकांच्या तोंडात बघून माणसाचा बोलण्यावरचा विश्वास उडत असावा.

प्रीतीताईंनी सेल्फ-केअरचा तक्ता करून दिलाय. सकाळी वीस मिनिटं चालणं, वेळेवर जेवण, एक झाड, रोज कोणाशी तरी पाच मिनिटं बोलणं, झोपायच्या आधी मोबाईल लांब. मी तक्ता भिंतीला लावला आणि आज सगळ्यापुढे बरोबरच्या खुणा केल्या. झाडाचं तेवढं राहिलं. आक्काताई म्हणाल्या, कोरफड न्या की, ती काय मरत न्हाई. अशीच रोपं माझ्या वाट्याला यावीत.

येताना लसूण घातलेलं भडंग घेतलं आणि गच्चीत उभी राहून खाल्लं. फार दिवसांनी काहीतरी चोरून केल्याचा आनंद झाला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

झोप लागते आहे. सलग पाच तास. प्रीतीताईंना मेसेज केला, त्यांनी फुलं पाठवली, मोबाईलवरची.

आज मागची पानं चाळताना दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे मी प्रत्येक पानाच्या तळाशी चार बोटं जागा कोरी सोडते आहे. ठरवून नाही, आपोआप. वसतिगृहातल्या मुलींना मीच ती सवय लावली होती, आता मलाच लागली.

दुसरी गोष्ट, मंगळवारच्या पानावर त्या कोऱ्या जागेत लाल शाईची बरोबरची खूण आहे. तक्त्यावर खुणा करताना इथेही चुकून केली असेन. पण तक्त्यावरच्या खुणा निळ्या आहेत. माझ्याकडे लाल पेन नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

ब्राह्मीला विचारलं. ब्राह्मी ही आक्काताईंची नात, इथे राहून बी.एस्सी. करते. हसत विचारलं, रागावून नाही. ती म्हणाली, ताई, मला माझी जर्नलं पुरी करायला वेळ न्हाई, तुमची कुठं तपासत बसू? बरोबरच आहे. मीच ओशाळले. नंतर तिने मला तिच्या वाट्यातला शिरा आणून दिला, म्हणजे राग नसावा.

खुणा आता मागच्या सगळ्या पानांवर आहेत. वही कपाटात ठेवून किल्ली गळ्यातल्या साखळीत घातली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दवाखान्यातून आले, कपाट उघडलं, वही काढली. रविवारच्या पानाखाली आता नुसती खूण नाही, शब्द आहेत. जसेच्या तसे उतरवते.

पाहिले. छान. असेच लिहीत राहा.

खाली प्रां. अशी सही. अक्षर माझं आहे. ‘छ’ला मी जास्तीची शेपटी काढते, बालपणी त्यावरून छड्या खाल्ल्यात. ती शेपटीही आहे.

इथे थोडं समजावून लिहायला हवं, नाहीतर वेड लागल्यासारखं वाटेल. आमच्या वसतिगृहात संस्थेने ‘मनाची वही’ सुरू केली होती. मुलींनी रोज संध्याकाळी मनातलं एक पान लिहायचं, रेक्टरने रविवारी तपासून शेरा द्यायचा. कल्पना चांगली होती. मुली चौसष्ट आणि मी एकटी. शेरा ठरलेला होता, तोच हा. लाल शाईत.

म्हणजे मीच झोपेत उठून लिहीत असणार. प्रीतीताईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, मनाची जुनी सवय आहे, जाईल हळूहळू, लिहिणं सोडू नका. लाल शाई कुठून येते हे मी विचारलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी हरणाबाईंचा फोन आला. गेलेल्या मुलीची आई. वडूजच्या पुढे आठ किलोमीटरवर त्यांची वस्ती आहे. नवरा आकाराम या दिवसांत मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला असतो, घरी त्या एकट्याच. मुलीचं नाव अपेक्षा. इतके दिवस मी ते या वहीत लिहिलं नव्हतं.

हरणाबाई दोन-तीन महिन्यांनी फोन करतात. माझ्यावर त्यांचा फार जीव आहे, आणि तेच मला सोसत नाही. आज म्हणाल्या, बाई, दोन तारखंला वरीस भरतंय. तवा येऊन पोरीची वही तेवढी वाचून दावा. अपेक्षाची ‘मनाची वही’ त्यांनी कापडात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवली आहे. त्यांना वाचता येत नाही. वस्तीवर वाचणारे आहेत, पण कोणाला हात लावू दिला नाही. शेवटच्या पानावर लाल शाई आहे, एवढं त्यांना दिसतं. त्या लाल अक्षरांना त्या अमावस्येला हळदकुंकू वाहतात. म्हणाल्या, माज्या पोरीचं शेवटचं लिवलेलं तुमी वाचलंय, आमी कुनीच न्हाई. तुमच्याच तोंडनं ऐकायचं हाय.

मी म्हणाले, सुट्टी मिळणार नाही. त्या म्हणाल्या, मग आमी कवा ऐकायचं? ते मला सहन होईना, म्हणून मी म्हणाले, मला पाठ आहे, आत्ता सांगते. आणि मी रचून सांगितलं. आई, इथे जेवण चांगलं आहे, मैत्रिणी चांगल्या आहेत, सुट्टीत येईन तेव्हा कोकराला उचलून घेईन. असं बरंच काही. हरणाबाई रडत रडत हसल्या. व्हय, कोकराचं लिवलं आसंल, लय जीव हुता तिचा, म्हणाल्या.

फोन ठेवून मी हे लिहायला बसले. लाज वाटली होती, लिहिता लिहिता ती कमी झाली. आता बरं वाटतंय. तक्त्यातल्या ‘रोज कोणाशी तरी बोलणे’पुढे खूण केली.

[लाल शाईत: पाहिले. छान. असेच लिहीत राहा.]

१८ नोव्हेंबर, मंगळवार

शनिवारच्या पानाखाली ‘छान’ वाचलं आणि दिवसभर अन्न गेलं नाही. आज खरं लिहिते. निदान खरं लिहिलं तर ते थांबेल.

चौसष्ट वह्या तपासायची माझी पद्धत होती. मुलींना सांगून ठेवलं होतं, वही शेवटच्या पानावर उघडून एकीवर एक ठेवायची, पायऱ्यांसारखी, म्हणजे प्रत्येक पानाची फक्त खालची चार बोटं जागा उघडी राहील. मी एका बाजूने सुरू करायचे. शेरा, सही, पुढची वही. टीव्हीवर मालिका चालू असायची. चौसष्ट वह्या अठरा मिनिटांत. वरचं लिहिलेलं झाकलेलंच असायचं. बढाई मारून मी ही युक्ती दुसऱ्या वसतिगृहातल्या बाईंनाही शिकवली होती. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तसा कारभार.

त्या रविवारी मी अपेक्षाच्या वहीवर शेरा दिला. मंगळवारी ती वर्गात नव्हती. बुधवारी ती विहिरीत सापडली.

तिची पेटी भरायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी ती वही पहिल्यांदा वाचली. शेवटचं पान मला खरोखर पाठ आहे.

‘मॅडम, चार दिवस जेवण जात नाही. सगळ्या झोपल्या की मी जागीच असते. आईला सांगितलं तर ती घरी नेईल आणि कॉलेज बंद होईल. मी नसले तरी कोणाचं काही अडणार नाही असं सारखं मनात येतं. मला त्याची भीती वाटते. माझ्याच्याने आपणहून सांगवत नाही. तुम्ही विचारलंत तर मी सगळं सांगेन. उद्या विचाराल का?’

आणि खाली माझं, लाल शाईत. पाहिले. छान. असेच लिहीत राहा.

तिने ते रविवारी सकाळी वाचलं असणार. वह्या मी दहालाच परत दिल्या होत्या. सोमवारी जेवणाच्या रांगेत ती माझ्यासमोर दोन मिनिटं उभी होती. मी म्हणाले, पुढे सरक गं.

पान फाडायला हात घातला होता, धीर झाला नाही. आईला वाचता येत नाही, हे मला माहीत होतं. म्हणून वही पेटीत ठेवली, कुलूप लावलं, आणि पेटी हरणाबाईंच्या हातात दिली. चौकशीला आलेल्यांना काही बोलले नाही. प्रीतीताईंनाही नाही. मी तिला विचारलं असतं तर ती जिवंत असती. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

[लाल शाईत: पाहिले. छान. असेच लिहीत राहा.]

१९ नोव्हेंबर, बुधवार

त्या पानाखालीसुद्धा तोच शेरा. एवढं सगळं लिहिलं, आणि खाली छान.

तिला कसं वाटलं असेल, ते आता कळतंय. कोणीतरी वाचेल म्हणून जीव काढून लिहायचं आणि खाली हे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आक्काताई रोज दिवेलागणीला पाटावर बसून प्रतिक्रमण करतात. दिवसभरात कळत नकळत कोणाला दुखावलं असेल ते आठवायचं आणि क्षमा मागायची. आज मी शेजारी जाऊन बसले. झाल्यावर विचारलं, की मोठी चूक असेल तर लिहून काढली तर चालते का.

त्यांनी पाट उचलून भिंतीला टेकवला. म्हणाल्या, कागदाला काय कळतंय ओ? ज्याचं बिघडीवलंय त्याच्या म्होरं जाऊन सांगायचं. मग ते माफ करू देत न्हाईतर पायताण काढू देत.

ठरलं. उद्या हरणाबाईंना फोन करते, सगळं सांगते, आणि दोन तारखेला जाऊन वही खरी वाचते. हे लिहिल्यावर छातीवरचं ओझं उतरलं. आज झोप लागेल.

[लाल शाईत: पाहिले. छान. असेच लिहीत राहा.]

२३ नोव्हेंबर, रविवार

फोन केला नाही. शुक्रवारीही नाही, काल नाही, आज नाही.

कारण सापडलं आहे. सकाळी उठले की आता फोन केल्याशिवाय गत्यंतर नाही असं वाटतं. मग मी ही वही काढते आणि लिहिते, की आज फोन करणार. लिहिलं की हलकं वाटतं. हलकं वाटलं की करायचं राहून जातं. पाप अंगावर तसंच, फक्त टोचायचं थांबतं. प्रीतीताईंनी औषध म्हणून दिलं होतं हे. त्यांची काय चूक, मीच त्यांना अर्धा आजार सांगितला.

तर आता लिहिणार नाही. वही बंद. हे शेवटचं पान.

[लाल शाईत: असेच लिहीत राहा.]

२४ नोव्हेंबर, सोमवार

लिहायचं नव्हतं. सकाळी अकराला दवाखान्यात डॉक्टरांनी आत बोलावलं. समोर वेळा लिहायचं रजिस्टर होतं. नऊ ते अकरा, सहा पेशंटची नावं असायला हवी होती. प्रत्येक रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलं होतं, उद्या विचाराल का. सहा वेळा. सातव्या ओळीत अर्धं.

लिहिताना मी त्या पेशंटशी बोलत होते. गोड बोलत होते.

डॉक्टर रागावले नाहीत. चार दिवस विश्रांती घ्या म्हणाले. घरी येऊन चपला न काढताच वही उघडली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

हरणाबाईंचे सहा फोन. उचलले नाहीत. वाजून वाजून थांबतो तो, मग खोली फार शांत होते.

प्रीतीताईंना फोन केला. म्हणाले, एक गोष्ट सांगायची राहिली आहे, मोठी आहे. त्यांच्याकडे कोणीतरी बसलं होतं. सोमवारी सविस्तर बोलू म्हणाल्या. लिहिताय ना? हो म्हणाले. तर त्या म्हणाल्या—

त्यांनी अगदी तेच म्हटलं. त्याच शब्दांत. त्यांचा काही दोष नाही, लोक असंच म्हणतात—

[लाल शाईत: पाहिले. छान.]

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पेन निळं आहे. दुकानदाराकडून तपासून घेतलं. ‘हरणाबाई’ लिहिलं की निळं उमटतं. ‘माझी चूक’ लिहिलं की लाल.

वही आक्काताईंच्या चुलीत घालायला खाली नेली. पाणी तापवत होत्या. म्हणाल्या, आवं, काय जाळताय? मी म्हणाले, काही नाही, आणि वही तशीच परत आणली. वर येऊन पाहते तो वहीत आजची तारीख घातलेली होती, आणि पान माझी वाट बघत होतं.

म्हणून लिहिते.

२९ नोव्हेंबर, शनिवार

जेवले नाही. आक्काताईंनी ताट दाराशी ठेवलं. पाच वेळा हाक मारली. बोलायला गेले की शब्द तोंडात येत नाहीत, हातात येतात. ‘आले’ म्हणायचं होतं, ते इथे उमटलं. आले. आले. आले.

कोरफडीला पाणी घालायचं राहिलं.

तक्त्यावरच्या सगळ्या खुणा लाल झाल्यात.

[लाल शाईत: छान.]

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून लिहिते आहे. कितवं पान माहीत नाही. बोटं सुजलीत.

दुपारचे तीन. खाली आवाज. ओळखीचा. हरणाबाई—

फोन उचलत नाही म्हणून आल्यात. पहाटेच्या एसटीने निघाल्या, साताऱ्यात वसतिगृहात पत्ता काढला, मग सांगली, दातांचा दवाखाना विचारत विचारत. आक्काताईंना सांगताना ऐकू येतंय. बाई बऱ्या हायत न्हवं, एवढंच परत परत. माझ्यासाठी ज्वारीचं पीठ आणलंय म्हणे. पाच किलो. डोक्यावरून.

उठायला हवं.

आक्काताई म्हणतायत, वर हायत, पण दोन दिस झालं बोलत न्हाईत, नुसतं लिवत्यात. हरणाबाई म्हणाल्या, थांबते मी. पाणी प्यायल्या. त्यांच्याकडे ती वही आहे. कापड सोडल्याचा आवाज येतो. नाही, तो आवाज इतका लांब कसा येईल—

आक्काताईंची हाक. एकदा. दोनदा. उठते. एवढं वाक्य झालं की उठते.

तिसरी हाक.

हात थांबत नाही. डाव्या हाताने उजवा धरून पाहिला. डावाही लिहायला लागला—

आक्काताई म्हणाल्या, आमची नात वाचंल की. हरणाबाई म्हणाल्या, न्हाई, बाईंनीच वाचायचं. आणखी एक हाक आली, मी उतरले नाही. मग हरणाबाई म्हणाल्या, बरं. वाच बाळ. माजी पोर बी तुज्याएवढीच हुती.

नको. ब्राह्मी, नको. हे मी ओरडले असते. इथे उमटलं. नको. नको.

ती वाचते आहे. मोठ्याने, सावकाश, एकेक शब्द. ‘मॅडम, चार दिवस जेवण जात नाही.’

कोकराचं नाही त्यात. हरणाबाई कोकराची वाट बघत असतील. मीच सांगितलं होतं कोकराचं—

‘आईला सांगितलं तर.’ ब्राह्मीचा आवाज चिरकला. आक्काताई म्हणाल्या, ऱ्हाऊ दे. हरणाबाई म्हणाल्या, वाच.

‘उद्या विचाराल का.’

थांबली.

हरणाबाईंनी विचारलं, आनी खाली? ते तांबडं? बाईंनी काय लिवलंय?

ब्राह्मी गप्प. आक्काताई गप्प. पायगोंडा अण्णांचा पेपरही वाजत नाही. एवढी शांतता मी त्या बुधवारीसुद्धा ऐकली नव्हती.

या पानाच्या तळाशी आधीच लिहून झालंय. शाई ओली आहे. बोटाला लागते.

ब्राह्मीने वाचलं. पाच शब्द. मग सही.

रडल्याचा आवाज नाही. शिवी नाही. मी वाट बघते आहे शिवीची. द्या हो. काहीतरी द्या—

जिन्यावर पाय. जोडवी वाजतायत दगडावर. सावकाश चढतात त्या, गुडघे दुखतात, फोनवर म्हणायच्या.

दाराशी.

दार वाजवत नाहीत. नुसत्या उभ्या. श्वास ऐकू येतो, चढून आल्याचा.

म्हणतायत— हळू आवाजात, मेंढराला जवळ बोलवावं तसं— बाई, तुमास्नी काय हुतंय? जेवला न्हाईसा म्हनं. म्या इचारतिया. सांगा मला.

विचारलं. यांनी मला विचारलं.

सांगते. हरणाबाई, सांगते, तिथेच थांबा, जाऊ नका, पेन खाली ठेवते आणि सांगते, एवढं एक वाक्य पुरं झालं की लगेच उठून दार